फ्लिपर मलूल का पडतो?

आमच्या घरी १९८० च्या सुमाराचं एक अमेरिकी पिनबॉल मशीन आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू वर उडवणारी पाती, एकाएकी ढिला पडला. चेंडू अर्ध्या वाटेवरून माघारी यायचा. जो तो म्हणे, फ्लिपर ओढणारी कॉइल (तारेचं वेटोळं) गेली, भरून आणा. सोलापुरात यंत्रमागाच्या मोटरी भरणारे वाइंडिंगवाले आहेत, त्यामुळे ते अवघडही नव्हतं. पण मीटर लावला तर कॉइल ठणठणीत.

फ्लिपरच्या कॉइलवर दोन तारा गुंडाळलेल्या असतात. जाड तार ४-५ ओहमची, बारीक तार शंभराच्या वर. बटण दाबलं की ४०-४५ व्होल्टवर जाड तारेतून १० अँपिअरच्या आसपास प्रवाह धावतो. ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू भिरकावायला तेवढा जोर हवाच. पण हा प्रवाह तसाच चालू राहिला तर कॉइल करपते. म्हणून फ्लिपर वर पोचता पोचता एक पॉइंट (स्विचची टोकं) उघडतो, बारीक तार वाटेत येते आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. फ्लिपर वर धरून ठेवायला तेवढा पुरतो.

खरी गोम या बाजरीच्या दाण्याएवढ्या पॉइंटात असते. जुन्या स्कूटरचे पॉइंट ज्यांनी घासलेत त्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक उघडझापीला ठिणगी पडते, पॉइंटाचं टंगस्टन काळवंडतं, खड्डे पडतात. तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला तरी प्रवाह दहा टक्के घटतो. ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती वीस टक्क्यांनी उतरते. चेंडू अर्ध्यातून परत येणारच!

प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला थोडा वेळ दिला, खेळाची फळी उचलली आणि बारीक कानशीचे दोन हात मारले. फ्लिपर वर असताना पॉइंटात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवली. पॉइंट उघडलाच नाही तर कॉइल जळते. फ्लिपर वर जाऊन फडफडत असेल, तर मात्र बारीक तार तुटलीय असं समजा.

गुण मोजणाऱ्या पॉइंटांना कानस लावू नका, त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कोरी पट्टी मधून ओढली की पुरे. कॉइलच्या आत सरकणाऱ्या दांड्याला तेलही नको. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिकटा होतो.

फळी उघडलीच होती म्हणून मागची पेटीही पाहिली. बोर्डावरचे जुने सेल पाझरून तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. हा पाझर अल्कलीचा, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर, मग पाणी, शेवटी स्पिरिट. आता नवे साधे सेल वायर काढून बोर्डाच्या बाहेर ठेवलेत, मध्ये प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड टाकून. नाहीतर मशीन त्यांना चार्ज करू बघतं.