माशाचा उपवास आणि माशाची उपासमार

पावसाळा संपून तळी आटू लागली की पश्चिम आफ्रिकेतला फुप्फुसमासा चिखलात शिरतो. अंगाचं वेटोळं करतो आणि कातडीतून भरपूर बुळबुळीत स्राव सोडतो. तो वाळला की माशाभोवती कागदासारखी पातळ खोळ तयार होते. तोंडाजवळच्या एका छिद्रातून तो हवा घेतो. पुढचा पाऊस येईपर्यंत ना अन्न, ना पाणी. निसर्गात हे काही महिने चालतं. माणसांनी सांभाळलेले फुप्फुसमासे या अवस्थेत तीन-चार वर्षंही जगले आहेत.

इतके दिवस उपाशी राहणं त्याला जमतं, कारण मासा शीतरक्ताचा. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही. यकृतातलं ग्लायकोजेन, चरबी आणि अखेरीस स्नायूंतली प्रथिनं, अशी साठवण तो पुरवून पुरवून वापरतो. मला त्याहून मोठं कोडं वाटतं ते असं, की जीवाणूंनी भरलेल्या चिखलात हा निपचित पडलेला जीव सडत कसा नाही?

त्याचं उत्तर 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून मिळालं. ज्या खोळीला आपण वाळलेला शेंबूड समजत होतो, ती जिवंत ऊती निघाली. माशाच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी कातडीतून या खोळीत येतात आणि स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर टाकून जाळं विणतात. जीवाणू त्यात अडकतात. संशोधकांनी हे जाळं विरघळवून पाहिलं, तेव्हा माशांच्या कातडीत रक्तस्राव झाला आणि संसर्ग रक्तात पोचला. म्हणजे हा मासा उपवासाला बसतानाच पहारा लावून बसतो.

आपल्या भाषेत उपवास आणि उपासमार हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि माशांच्या बाबतीत हा भेद फार खरा आहे.

माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो, जोडीला प्लीहा असते. पण रोगजंतूंशी पहिली गाठ पडते ती कातडी, कल्ले आणि आतडं इथे. हातातून मासा निसटतो तो ज्या बुळबुळीत थरामुळे, त्यातच जंतू मारणारी विकरं आणि प्रतिपिंडं असतात. हा थर सतत धुऊन जातो आणि सतत नव्याने बनवावा लागतो, त्याला प्रथिनं लागतात. उपासमार लांबली की आतड्याच्या आतल्या घड्या आखूड होतात, आतड्याचं वजन घटतं, यकृत बारीक होतं. अन्न पचवणारी भिंतच जंतूंना अडवणारीही असते, त्यामुळे एक खचली की दुसरी खचलीच.

अमेरिकेत तळ्यांतून वाढवल्या जाणाऱ्या चॅनल कॅटफिशवर याचे नेमके प्रयोग झाले आहेत. कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग कल्ले आणि कातडी खातो. सात दिवस उपाशी ठेवलेले मासे पोटभर खाणाऱ्या माशांपेक्षा या रोगाला जास्त बळी पडले. हा जीवाणू कल्ल्यांना चिकटतो त्यात ज्या प्रथिनाचा हात असल्याचं दिसतं, तेच प्रथिन उपाशी माशांत वाढलेलं आढळलं. मात्र याच कॅटफिशच्या आतड्याला होणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूजन्य रोगात साथीच्या वेळी खाद्य थांबवल्यास मर कमी होते, कारण तिथे जंतू मुख्यतः तोंडावाटे पसरतो. म्हणून ‘उपाशी मासा म्हणजे आजारी मासा’ असा सरसकट नियम करता येत नाही. जंतू कोणत्या दाराने येतो ते पाहावं लागतं.

सॉकाय सॅमनची गोष्ट आणखी वेगळी. कॅनडातल्या फ्रेझर नदीत शिरताना तो खाणं सोडतो आणि काही कळप हजार किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध कापतात. अंडी घालेपर्यंत अंगावर पांढरी बुरशी चढते, कातडी झडते आणि मासा मरतो. हे उपासाचेच हाल, असं वाटेल. पण 1961 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात समुद्रात न जाता तळ्यातच राहणाऱ्या याच जातीच्या माशांची जननग्रंथी लहानपणीच काढली, तेव्हा त्यांतले काही नेहमीच्या दुप्पट जगले. प्रजननाच्या काळात कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रचंड वाढतं आणि प्रतिकारशक्ती दाबून टाकतं. भुकेने दुबळ्या झालेल्या शरीरावर तो शेवटचा घाव असतो.

आपल्याकडे रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाठवण्याआधी उपाशी ठेवतात, ते योग्यच आहे. आतडं रिकामं असलं की पिशवीतलं पाणी विष्ठेने आणि अमोनियाने खराब होत नाही. काळजी घ्यायची ती पुढे. वाटेत घासून अंगावरचा थर खरवडला गेला असेल आणि शेततळ्यात सोडल्यावरही खाद्य आठवडाभर मिळालं नाही, तर बुरशीला आयतंच दार उघडं मिळतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या मोठ्या माशांना एकदम पोटभर खाद्य टाकू नये. आखडलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. तोवर थोडंथोडं, दिवसातून दोन-तीनदा द्यावं आणि न खाल्लेलं तळाशी साचत नाही ना, ते पाहावं.