वैद्यकीय संशोधनातील लिंगभेद

रोग आणि औषधे अभ्यासताना पुरुषाचे शरीर प्रमाण मानणे व स्त्रीच्या संमतीला दुय्यम लेखणे, असा हा दुहेरी दोष आहे. काही संशोधनांतून स्त्रियांना वगळले गेले, काहींत त्यांना न विचारता वापरले गेले. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण दोन्हींत बाईच्या शरीराचा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने १८४५ ते १८४९ दरम्यान गुलाम स्त्रियांवर भूल न देता फिस्च्युलाच्या (बाळंतपणातील इजेने मूत्राशय व योनी यांच्यात पडणाऱ्या छिद्राच्या) प्रायोगिक शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यांतील तिघींची नावे. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. नकाराचा अधिकारच नसताना ‘संमती’ला काय अर्थ उरतो? १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांना गर्भनिरोधक गोळी दिली गेली, पण ती अजून चाचणीखाली आहे हे त्यांना नीट सांगितले नव्हते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६६ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतील अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते आणि त्यांना याची कल्पनाही नव्हती. काहींना पुढे कर्करोग झाला. या प्रकरणाच्या १९८८ च्या कार्टराइट चौकशी अहवालानंतर तेथे नीतिसमित्यांची आणि रुग्णहक्कांची व्यवस्था नव्याने उभारली गेली.

वगळण्यामागे मात्र संरक्षणाचे कारण दिले जाई. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे १९६० च्या आसपास १०,००० हून अधिक बालके अवयवदोषांसह जन्मली. खरे तर पुरेशी चाचणी न करता औषध बाजारात आणल्याचा हा परिणाम होता. धडा मात्र उलटा घेतला गेला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणाक्षम स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची सूचना केली. अविवाहित, गर्भनिरोधक वापरणाऱ्या, अगदी नवऱ्याची नसबंदी झालेल्या स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. अशाने धोका टळत नाही. तो चाचणीतून दवाखान्यात सरकतो, आणि तिथे त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो, हे १९८० च्या दशकात २२,०७१ डॉक्टरांच्या अभ्यासातून दिसले. ते सगळे पुरुष होते. स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ मध्ये आला. त्यात पक्षाघात कमी झाला, पण पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एकंदरीत लक्षणीय घटले नाही. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. स्त्रियांच्या रक्तात ते सकाळीही अधिक प्रमाणात उरते, म्हणून त्यांची मात्रा २०१३ मध्ये निम्मी करण्यात आली. मधली वीस वर्षे स्त्रियांनी पुरुषांइतकीच मात्रा घेतली.

प्रयोगशाळेतही नर उंदरांनाच पसंती असे. मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष अस्थिर होतात, असा समज होता. तो निराधार असल्याचे २०१४ च्या एका व्यापक विश्लेषणात दिसले.

१९९३ च्या अमेरिकी कायद्याने सरकारी निधीच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला. गर्भवतींची उपेक्षा मात्र थांबली नाही. २०२० मधील कोविड लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत त्यांना घेतले नव्हते आणि लस आल्यावर तुटपुंज्या माहितीवर त्यांना निर्णय करावा लागला. सीआयओएमएस या वैद्यकीय विज्ञान संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ गर्भवती आहे म्हणून कुणाला दुर्बल गटात टाकता येत नाही, आणि तिच्या संमतीची जागा दुसऱ्या कुणाच्याही परवानगीला घेता येत नाही.