वेळापत्रकाला रेंज लागत नाही

"घाटात रेंज नाही, म्हणून मोबाइलच्या नकाशात एसटीच्या वेळा येत नाहीत." राजापूरपासून सावंतवाडीपर्यंत हे कितीदा ऐकलंय! चूक आहे ते. गाडी आत्ता कुठे पोचली हे कळायला जीपीएस आणि रेंज हवी. ती किती वाजता सुटणार, हे साध्या मजकुराच्या फायलींत मावतं. बघायला तुमच्या फोनला नेट लागेल, गाडीला नाही.

त्या फायलींचा ठरलेला साचा म्हणजे जीटीएफएस. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गूगल यांनी त्याची सुरुवात केली. आज तो कुणालाही मोफत वापरता येतो. एका फायलीत थांबे अक्षांश-रेखांशांसह, दुसरीत फेऱ्या, तिसरीत थांब्याथांब्याची वेळ. आपल्याकडे जागोजागी 'तिठा' याच नावाचा थांबा आहे, म्हणून प्रत्येक थांब्याला वेगळी ओळख द्यावीच लागते. मुंबईहून रात्री सुटलेली मालवण गाडी चिपळुणात पहाटे अडीचला येत असेल, तर तिथे २६:३० लिहायचं, कारण फेरी आदल्या दिवसाची, म्हणून तास चोवीसच्या पुढे मोजत जायचे. (पहिल्यांदा मला ती टायपिंगची चूक वाटली होती.) कोकण रेल्वेसारखं पावसाळी वेळापत्रक असेल, तर कॅलेंडरची फाइल तारखा सांभाळते.

हे सगळं उपग्रह गोळा करत नाही. वाहतूक चालवणाऱ्यालाच भरून द्यावं लागतं, आणि वेळ बदलली की पुन्हा.