किल्ली कोणाकडे? कमावती आई आणि तिची सहायक यांच्या रहस्यकादंबरीमागचा इतिहास

कमावती आई, तिच्या हाताखाली काम करणारी मुलगी आणि हळूहळू ताब्यातून निसटत चाललेलं घर. या मांडणीच्या रहस्यकादंबऱ्या आता मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. इंग्रजीत या प्रकाराची मोठी लाट २०१२ च्या सुमारास आली. २०१६ साली तर फ्रान्समधला सर्वात मानाचा कादंबरी पुरस्कार मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या कथेला मिळाला. पण अशी गोष्ट नाशिकमध्ये घडवायची, तर तिच्या पायाखाली इथलीच जमीन हवी. माझ्या मते ती जमीन आहे. तिचा बराचसा भाग २०१७ या एका वर्षात तयार झाला, आणि तोही कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, तर कायद्यातल्या एका आकड्याने.

जुना इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये १८५७ साली घटस्फोट न्यायालयात मिळू लागला, घरातल्या भानगडी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या आणि १८६० च्या दशकात सभ्य घराच्या आत दडलेल्या गुन्ह्यांच्या कादंबऱ्यांची रीघ लागली. मराठीत रहस्यकथेचा भरभराटीचा काळ पुढचा, विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला. एकेका लेखकाच्या नावावर शेकड्यांनी पुस्तकं होती आणि एकाच्या नावावर तर हजारावर. त्या गोष्टींत बंगला असे, तिजोरी असे, संशय घेण्यापुरता एखादा गडी असे, आणि छडा लावायला बाहेरून गुप्तहेर येई. घरची बाई बहुतेक वेळा घाबरण्यापुरती. ती नोकरी करते, तिच्या हाताखाली कोणी आहे, तिच्या कामाचे कागद घरात पडलेले असतात, हे त्या कथेच्या गावीच नव्हतं. बाहेरून येणारा तो माणूस मात्र लक्षात ठेवायला हवा, कारण आजच्या घरगुती रहस्यात तोच नाही.

नाशिकपुरतं बोलायचं, तर इथली नोकरदार कुटुंबं आधी वसाहतींमध्ये वाढली. नाशिकरोडचे छापखाने १९२० च्या दशकातले, ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. मग सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत, पाठोपाठ सिडकोच्या योजना. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईचं मूल शेजारच्या काकूंकडे असे. काकू कोण, त्यांचे यजमान कुठल्या खात्यात, हे सगळ्या चाळीला ठाऊक. विश्वास ठेवायला कागद लागत नव्हता, कारण साक्षीदार भरपूर होते. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि मुंबईला रोज ये-जा करणारा नवरा हा या शहराचा कायमचा रहिवासी झाला. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून गाडी पकडायची आणि परत उतरायचं ते रात्री साडेनऊनंतर. मधल्या चौदा-पंधरा तासांत घरात काय घडतं ते त्याला फोनवरून कळतं, किंवा कळत नाही. घरगुती रहस्य लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं! इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या काकूही राहिल्या नाहीत. असल्याच तर त्या स्वतः कामाला जातात.

आता पाळणाघराचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती बायका मोजून. १९७६ नंतर हिशोब असा होता की तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं. म्हणजे तिसाच्या आत बायका ठेवल्या की प्रश्न मिटला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने पगारी रजा दिली, बारा आठवड्यांची. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे केली आणि पाळणाघरासाठी बायका मोजायचं थांबवून सगळे कर्मचारी मोजायला सांगितले : पन्नास किंवा जास्त असतील तर पाळणाघर हवंच, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ही सुधारणा खरोखर चांगली होती. रजेच्या पगाराचा भार मालकावरच ठेवल्यामुळे बायकांना नोकरीच दिली जाणार नाही, ही टीकाही तेव्हाच झाली. पुढच्या वर्षी सात आठवड्यांचा पगार सरकारने परत द्यावा असा प्रस्ताव पुढे आला होता.

दरम्यान, नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण राज्यभर पाहिलं गेलं. ज्या आईने ते पाहिलं, तिला परक्या ठिकाणापेक्षा ओळखीचा माणूस बरा वाटला असेल तर तिला दोष देता येणार नाही.

ओळखीचा माणूस म्हणजे कोण? इथे २०१७ चं दुसरं टोक येतं. पाळणाघराची तरतूद लागू झाली १ जुलै २०१७ ला. त्याच दिवशी देशात जीएसटी आला. वर्षातून काही वेळा भरायची विवरणपत्रं महिन्यावर आली आणि कर सल्लागारांच्या, हिशेबनिसांच्या छोट्या ऑफिसांत माणसांची गरज एकदम वाढली. कॉलेज रोडवरच्या, शरणपूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसांत बी.कॉम. झालेल्या किंवा होत असलेल्या मुली कामाला लागल्या. ज्या बाईचं ते ऑफिस, तिलाही घरी लहान मूल असू शकतं. पाळणाघरासाठी लागणारी पन्नास माणसं तिच्याकडे नाहीत, मातृत्व लाभासाठी लागणारी दहाही नाहीत, त्यामुळे ती सुधारणा या ऑफिसात ना मॅडमच्या उपयोगाची, ना मुलीच्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्याचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला, आणि माझ्या लेखी सगळ्यात वादाचा निर्णय हा. १९४८ च्या जुन्या कायद्यात एका नोकराचं दुकानही येत होतं : दिवसाचे नऊ तास, आठवड्याची सुट्टी, हजेरीचं रजिस्टर. वास्तुविशारद, हिशेबनीस, कर सल्लागार यांची ऑफिसंही पुढे त्याच्या व्याख्येत आली. वकिलांच्या ऑफिसांचा वाद न्यायालयात गेला. नव्या कायद्याने सांगितलं की दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त सूचना द्या, बाकीचं लागू नाही. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. छोट्या दुकानदाराला निरीक्षकाच्या फेऱ्या आणि नूतनीकरणाचे हेलपाटे नकोत. त्यात तथ्य आहे. जुन्या कायद्यातली रजिस्टरं अनेक ठिकाणी नुसती भरून ठेवलेली असत, हेही खरं. पण नुसतं भरलेलं रजिस्टर असलं तरी त्यात त्या मुलीचं नाव होतं, ती किती वाजता आली हे होतं. निरीक्षकाचा त्रास कमी करताना ते नावही गेलं. पसारा कमी करून रजिस्टर ठेवता आलं असतं. एक पान, एक नेमणूकपत्र, एवढ्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

तीन माणसांचं ऑफिस जवळून पाहिलं की हे कळतं. टेबलाच्या वरच्या खणात गिऱ्हाइकांच्या डिजिटल सहीचे टोकन असतात, पेनड्राइव्हसारखे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. पिन कोणत्या वहीत आहे ते सहायकेला माहीत असतं, नसून चालतच नाही. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास विवरणपत्रं भरायची असतात, मॅडम गिऱ्हाइकाकडे गेलेल्या असतात आणि ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. "ताई, ओटीपी सांगा ना पटकन, जाईल वेळ." ताई सांगतात. काही महिन्यांनी दुसरा फोन ऑफिसातच राहू लागतो. मग एक दिवस व्हॅनवाले काका येणार नसतात आणि शाळेच्या फाटकावर मुलाला आणायला कोणीतरी जायला हवं असतं. शाळेच्या कार्डावर मूल नेणाऱ्यांचे फोटो असतात, आईचा, बाबांचा, आणि तिसरा चौकोन रिकामा. तिथे सहायकेचा फोटो लागतो. मूल तिला मावशी म्हणू लागतं. यात कोणाचाही वाईट हेतू नाही. पण एका बाईची सही, फोन आणि मूल, तिन्ही ज्या मुलीच्या हाती आहेत, तिच्या नेमणुकीचा एकही कागद जगात कुठे नाही.

मार्च २०२० नंतर ऑफिसही घरात आलं. लहान वर्गांच्या शाळा दीड वर्षाहून जास्त बंद राहिल्या. टाळेबंदी सैल झाली तशी सहायक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसू लागली, तर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलाचा ऑनलाइन वर्ग. डबा कोणी भरला, वर्गात हजेरी कोणी लावून दिली, दाराची जादा किल्ली कोणाकडे आहे, याची विभागणी रोज नव्याने होत गेली. घरकामाला येणाऱ्या बाईची पडताळणी सोसायटीने मागितली, आधारची प्रत घेतली, ॲपवर नोंद केली. ऑफिसची मुलगी मात्र ‘ऑफिसच्या कामाला’ म्हणून थेट वर गेली. राज्यातला घरेलू कामगारांसाठीचा २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा तिला लागू नाही, कारण ती घरकामगार नाही. दुकानांचा कायदा लागू नाही, कारण ऑफिस लहान. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने अशा लहान जागांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचं दार उघडं ठेवलं आहे, पण ते दार आहे हेच अशा ऑफिसांत फार जणींना माहीत नसतं.

कादंबरीचा गाभा मला इथे दिसतो. जुन्या रहस्यकथेत गुप्तहेर यायचा तो कागद शोधत : मृत्युपत्र, चिठ्ठी, नोकराच्या पगाराची वही. इथे त्याला शोधायला काही उरलेलंच नाही. आईने म्हणावं की मी हिला कधीच पिन सांगितला नव्हता, सहायकेने म्हणावं की मला सांगितलं तेवढंच मी केलं, आणि दोघी खऱ्या वाटाव्यात. इंग्रजी कादंबऱ्यांत शेवटी सहायक मनोरुग्ण तरी निघते, सूड घ्यायला आलेली तरी. मराठीत हा साचा जसाच्या तसा उचलला गेला तर मला वाईट वाटेल. सिडकोहून स्कूटीवर येणारी, सकाळी दोन तास क्लास करून मग ऑफिस उघडणारी मुलगी खलनायिका ठरवणं सोपं आहे. कधीच न ठरलेले कामाचे तास, कधीच न दिलेलं नेमणूकपत्र आणि संध्याकाळी सातला "जरा पिल्लूला जेवू घालून जाशील का" हे वाक्य, यांतून भीती उभी करणं अवघड आहे. पण आपली गोष्ट तीच आहे. त्या वाक्याला नाही म्हणता न येणारी मुलगी जितकी अडकलेली आहे, तितकीच ते विचारण्यावाचून गत्यंतर नसलेली आईसुद्धा.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मातृत्व लाभासाठी दहा आणि पाळणाघरासाठी पन्नास हेच आकडे कायम राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांच्या कायद्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेण्यास आणि कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. म्हणजे दोन खोल्यांचंच काय, मजलाभर पसरलेलं एकोणीस माणसांचं ऑफिसही आता त्या मोजणीच्या बाहेर राहू शकतं.