1847चे मूळ तिकीट आणि 1875ची सरकारी नक्कल

अमेरिकन टपाल तिकिटांच्या व्यवहारात स्कॉट कॅटलॉग या छापील यादीतले क्रमांक प्रमाण मानले जातात, आणि घोटाळा त्या क्रमांकांपासूनच सुरू होतो. क्रमांक 1 म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचे चित्र असलेले पाच सेंटांचे तांबूस तपकिरी तिकीट आणि क्रमांक 2 म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचे दहा सेंटांचे काळे तिकीट. ही दोन्ही 1847 साली निघाली. क्रमांक 3 आणि 4 यांवरही तेच दोन चेहरे, तेच रंग आणि तीच किंमत छापलेली आहे, परंतु त्या 1875 साली खुद्द सरकारने करवून घेतलेल्या नकला आहेत. 1851ची तिकिटे क्रमांक 5पासून पुढे येतात. त्यामुळे यादी नुसती चाळणाऱ्याला 3 आणि 4 ही मधल्या काळातली तिकिटे वाटली तर नवल नाही.

1847पूर्वी अमेरिकेत सबंध देशासाठी सरकारी तिकीट नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमधील कायद्याने ते काढण्याचा अधिकार मिळाला आणि 1 जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये विक्री सुरू झाली. अर्ध्या औंसाच्या पत्राला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापलीकडे दहा सेंट, असा तेव्हाचा दर होता, म्हणून तिकिटेही दोनच. ती छापली न्यूयॉर्कच्या रॉडन, राइट, हॅच अँड एड्सन या कंपनीने. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे प्रत्येक तिकिटाच्या तळाशी बारीक कोरलेली आहेत. पाच सेंटांची सुमारे 37 लाख तिकिटे टपाल कचेऱ्यांकडे गेली, दहा सेंटांची नऊ लाखही गेली नाहीत. 1851 साली दर उतरले, नवे तिकीट आले, आणि 1 जुलै 1851पासून ही दोन्ही तिकिटे टपालासाठी रद्द ठरली.

नकलांचे प्रयोजन निराळेच होते. 1876 साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मोठे प्रदर्शन भरायचे होते आणि तेथे आजवरची सगळी तिकिटे मांडावीत व संग्राहकांना विकावीत, असे टपाल खात्याने ठरवले. 1847च्या मूळ प्लेटा, म्हणजे ज्यांवरून तिकिटे छापतात ते कोरीव धातूचे पत्रे, खात्याच्या हाती नव्हत्या. तेव्हा ठसे नव्याने कोरवून घेतले गेले आणि पन्नास-पन्नास तिकिटांच्या नव्या प्लेटांवरून छपाई झाली. म्हणजे हे पुनर्मुद्रण नव्हे. दुसऱ्या हाताने मूळ चित्र समोर ठेवून केलेले ते दुसरे कोरीव काम आहे, आणि ओळखीच्या सगळ्या खुणा याच एका गोष्टीतून निघतात. मूळ तिकिटेच रद्द झालेली असल्याने या नकला पत्राला लावण्याची मुभा पहिल्या दिवसापासून नव्हती. त्या दर्शनी किमतीला विकल्या गेल्या, आणि तरीही पाच सेंटांच्या पाच हजारांहून कमी व दहा सेंटांच्या चार हजारांहून कमी खपल्या.

आता भिंग हाती घ्यावे. पाच सेंटांच्या तिकिटात फ्रँकलिनच्या सदऱ्याची पांढरी झालर डाव्या बाजूला लंबगोल चौकटीला टेकते, ती नेमकी कोठे टेकते हे पाहायचे. मूळ तिकिटात हा बिंदू खालच्या इंग्रजी ‘फाइव्ह’ शब्दातील पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीवर असतो. नकलेत तो कोपऱ्यातील ‘5’ या आकड्याच्या माथ्याच्या पातळीला येतो. तळाची आद्याक्षरेही नकलेत कमी ठसठशीत आहेत. दहा सेंटांच्या तिकिटात कोटाच्या दोन रेघा पाहायच्या. मूळ तिकिटात डावीकडची रेघ ‘टेन’ शब्दाच्या ‘टी’कडे रोखलेली असते आणि उजवीकडची ‘सेंट्स’ शब्दातील ‘टी’ व ‘एस’ यांच्या मधोमध. नकलेत डावी रेघ रोमन दहाच्या, म्हणजे ‘एक्स’च्या, उजव्या टोकाकडे आणि उजवी रेघ ‘एस’च्या मध्याकडे जाते. याशिवाय नकलेतला वॉशिंग्टन पेंगुळलेला दिसतो, त्याच्या ओठांची रेघ अधिक सरळ आहे, आणि डाव्या गालाजवळच्या केसांच्या बटेत एक ठळक काळा ठिपका आहे, जो मूळ तिकिटात जेमतेम जाणवतो. चेहऱ्यावरचा भाव हा बघणाऱ्याच्या मतावर सोडता येतो, पण रेघ कोणत्या अक्षराकडे जाते यावर वाद होऊ शकत नाही. म्हणून मी निकाल कोटावर करतो, डोळ्यांवर नाही.

रंगावरून किंवा कागदावरून निर्णय देण्याचा मोह मात्र आवरावा. दोन्हींचा कागद निळसर आहे, दोन्हींना दंतुर कडा नाहीत, आणि मूळ पाच सेंटांच्या छपाईतच तांबूस, नारिंगी, गडद तपकिरी अशा इतक्या छटा आहेत की नकलेचा रंग त्यात सहज मिसळून जातो. छपाईच्या स्पष्टतेवरही विसंबता येत नाही, कारण पाच सेंटांच्या नंतरच्या छपाया पुसट होत गेल्या.

उत्तम स्थिती कशाला म्हणायचे, याचे उत्तर या दोघांसाठी एकच नाही, आणि नवखा संग्राहक सर्वाधिक येथे फसतो. मूळ तिकीट कारकुनाने किंवा गिऱ्हाइकाने अनेक तिकिटांच्या तावातून कात्रीने कापलेले असते आणि दोन तिकिटांमधली जागा अरुंद असते. त्यामुळे चारही बाजूंना चित्राबाहेर कोरी कड शिल्लक असणे हीच मोठी गोष्ट समजली जाते. त्यानंतर कागद पाठीमागून कोठे खरवडला आहे का, घडी पडली आहे का, रंग उडाला आहे का, हे पाहिले जाते. बेंझिनच्या थेंबात तिकीट पालथे ठेवले की पातळ झालेली जागा आणि दुरुस्त केलेली चीर गडद उमटते. न वापरलेले मूळ तिकीट मूळ गोंदासह मिळाले, तर त्याची किंमत बिनगोंदाच्या तिकिटापेक्षा बरीच जास्त होते.

नकलेची गोष्ट उलटी आहे. ती विकली गेली तीच बिनगोंदाची. तिच्या पाठीवर गोंद नाही म्हणून विक्रेत्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. उलट पाठीवर गोंद असेल तर तो मागाहून कोणीतरी चढवलेला आहे, हे धरूनच चालावे. टपालातून गेलेली नसल्याने आणि विकत घेणारे संग्राहकच असल्याने, तिच्याकडून स्वच्छ कागदाची, ताज्या रंगाची आणि पुरेशा कडांची अपेक्षा ठेवणे रास्त आहे. मूळ तिकिटाला जी कडेची घडी माफ करता येते, ती नकलेला करू नये.

शिक्क्याचेही तसेच. न्यूयॉर्कचा लाल चौकोनी जाळीचा शिक्का मूळ पाच सेंटांवर सुरेख दिसतो आणि तिकिटाचे मोल वाढवतो. नकलेवर कोणताही टपाली शिक्का असण्याचे कारणच नाही. दिसला तर तो बहुधा नक्कल मूळ म्हणून खपवण्यासाठी मारलेला असतो. मूळ तिकिटाच्या बाबतीत लबाडी दुसऱ्या दिशेने होते. अनेक टपाल कचेऱ्या शिक्क्याऐवजी लेखणीने शाईच्या रेघा ओढून तिकीट रद्द करीत. ती शाई रसायनाने धुऊन काढली की तिकीट कोरे भासते आणि भाव वाढतो. अतिनील दिव्याखाली त्या रेघांची छाया बहुतेक वेळा परत दिसते. शिवाय जाड कार्डावर काढलेल्या चाचणी छपाया मागून तासून पातळ केल्या जातात आणि न वापरलेले तिकीट म्हणून पुढे येतात.

किमतीबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे. नक्कल म्हटले की ती स्वस्त असणार असे आपण गृहीत धरतो, पण चांगली क्रमांक 3 ही वापरलेल्या, मध्यम प्रतीच्या क्रमांक 1पेक्षा अनेकदा महाग पडते, कारण ती मुळातच फार थोडी आहे. न वापरलेल्या मूळ तिकिटापुढे मात्र ती कोठेच टिकत नाही. फसवणुकीला वाव आहे तो नेमका या फरकात.

1947च्या मे महिन्यात, या तिकिटांच्या शताब्दीच्या प्रदर्शनासाठी, याच दोन चित्रांचा एक स्मरणपट निघाला. त्यातून कापलेली तिकिटेही कधीकधी जुन्या म्हणून दाखवली जातात. तेथे भिंगाचीही गरज नाही: पाच सेंट निळे आहे आणि दहा सेंट नारिंगी तपकिरी.

मोठी रक्कम गुंतणार असेल तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या तज्ज्ञ संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. त्यात कॅटलॉग क्रमांक कोणता दिला आहे आणि दुरुस्ती, धुलाई किंवा मागाहून चढवलेला गोंद यांचा उल्लेख आहे का, हे शब्दन् शब्द वाचावे. प्रमाणपत्र जुने असेल तर त्यावरील छायाचित्र तिकिटाशेजारी ठेवून चारही कडांची रुंदी आणि तिरपेपणा ताडून पाहावा. कात्रीने कापलेल्या कडा दोन तिकिटांच्या सहसा जुळत नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र एका तिकिटाचे आणि समोर ठेवलेले तिकीट दुसरे, हा प्रकार तेथेच उघडा पडतो.