ब्रेक दाबला की मीटरचे दिवे लागतात?
जुन्या जिप्सी आणि जीपवाल्या ग्राहकांसाठी

ब्रेक दाबला की मीटरचे दिवे मिणमिणतात. इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट त्याच्याबरोबर उघडझाप करतात. अशी तक्रार घेऊन येणारा ग्राहक बहुतेक वेळा आधी दोन ठिकाणी फिरून आलेला असतो आणि गाडीत नवी कोरी बॅटरी असते. दोष मात्र जिथल्या तिथे.

या गाड्यांत दिव्यापर्यंत करंट वायरने जातो आणि परत येतो तो पत्र्यातून, चासीतून. हीच अर्थिंग. आता गंमत बघा: बॉडी चासीवर रबराच्या माउंटिंगवर बसलेली, इंजिनही रबरावरच. रबरातून करंट जात नाही, म्हणून मध्ये अर्थिंगच्या पट्ट्या आणि केबली लागतात. वीस-पंचवीस पावसाळ्यांत पट्टी हिरवी पडते, बोल्टाखाली गंज धरतो, आणि कधी रंगारी त्याच बोल्टावर छान जाड रंग चढवतो. रंगकाम झाल्यावर सुरू झालेला दोष असेल तर तसं आधीच सांगा, अर्धा दिवस वाचतो.

ब्रेकचा प्रकार असा होतो. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची 21 वॉटची आणि पार्किंगची 5 वॉटची, पण दोघींना अर्थिंग एकच. ती तुटली की ब्रेकचा करंट दुसऱ्या तारेतून उलटा पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि मीटरच्या, पुढच्या दिव्यांतून वाट काढतो. स्विच, फ्यूज सगळं ठीक असतं. टेललॅम्पचा स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला की बऱ्याचदा काम संपतं.

एका जिप्सीची एक्सलरेटर केबल वर्षात दोनदा बदलून झाली होती, तरी जाम. सेल्फ मारताना केबलला हात लावला तर चटका बसला! क्लचच्या कामात कोणीतरी इंजिनची अर्थिंग पट्टी परत लावलीच नव्हती, आणि सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परतत होता. आतलं प्लास्टिक वितळून गेलं होतं.

हे घरीही तपासता येतं. साधा मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास आलं तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी किंवा केबल बघा. मग हेडलाइट लावून लाल पिन बॉडीवर टेकवा आणि पुन्हा बघा. बॅटरीवर गाडी बंद असताना साधारण 12.6 आणि चालू असताना 13.8 ते 14.4 दिसत असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे खिशातच राहू द्या.

पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा, दोन्ही काटे एकदमच चढले तर रेडिएटरचं पाणी बघून घ्या, पण संशय मीटरच्या मागच्या अर्थिंगवर आणि काट्यांना ठराविक व्होल्टेज देणाऱ्या छोट्या रेग्युलेटरवर धरा. टाकीतला फ्लोट आणि इंजिनवरचा सेन्सर एकाच दिवशी बिघडणं फार दुर्मिळ.

हेडलाइटला 100/90 वॉटचे बल्ब टाकायचे असतील तर रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतः जोडणारी डबी) लावूनच. अप्परला (लांबच्या झोतावर) दोन्ही मिळून जवळजवळ 17 अँपिअर ओढतात. जुना स्विच तेवढ्यासाठी केलेला नाही, वास येईपर्यंत थांबू नका. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली तर आम्ही ती काढून ठेवतो आणि बिलासोबत परत देतो.

चार्जिंग होतंय का ते बघायला चालू गाडीची बॅटरी काढणं डायनामोच्या जमान्यात खपून जायचं. डायनामोच्या जागी आलेल्या अल्टरनेटरवर तसं केलं तर त्यातले डायोड जातात, आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा.

दोष कधी येतो ते कागदावर लिहून आणा: पावसात, खड्ड्यात, की हेडलाइट लावल्यावर. आणि कृपा करून गाडी धुऊन आणू नका. चिखल कुठे जाऊन बसलाय, ते आम्हाला बघायचं असतं.