कार्बन-१४ कालनिश्चिती: अहवालातील आकडा कसा वाचावा

कोळसा, हाड, धान्य किंवा लाकूड तपासणीसाठी आमच्याकडे पाठवणाऱ्या ग्राहकांनी अहवालातील आकडा नेमका कशाचा काळ सांगतो हे आधीच समजून घेतले, तर नमुना निवडतानाच बऱ्याच अडचणी टळतात.

वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन मोकळे होतात आणि ते नायट्रोजनच्या अणूंवर आदळून कार्बन-१४ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने तो वनस्पतींत आणि अन्नावाटे प्राण्यांत पोहोचतो. सजीव मेला की ही आवक थांबते, मात्र शरीरातील कार्बन-१४चा क्षय चालूच राहून सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा उरतो. उरलेल्या प्रमाणावरून मृत्यूचा काळ काढता येतो. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगे फारसे काही शिल्लक राहत नाही. विलर्ड लिबी यांनी शिकागो विद्यापीठात ही पद्धत विकसित केली आणि प्राचीन इजिप्तमधील ज्ञात काळाच्या लाकडावर ती पारखून पाहिली. त्यासाठी १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

समजा, अहवालात ‘२४५० ± ३० बीपी’ असे लिहिले आहे. ± ३० ही मोजणीतील अनिश्चितता. बीपी (बिफोर प्रेझेंट, म्हणजे ‘वर्तमानापूर्वी’) वर्षे १९५० पासून मागे मोजतात, परंतु १९५० मधून २४५० वजा करून इसवी सनपूर्व ५०० हे उत्तर काढणे चुकीचे ठरते, कारण वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. म्हणून वर्षागणिक मोजलेल्या वृक्षवलयांसारख्या पुराव्यांवरून तयार केलेल्या वक्राशी, म्हणजे कार्बन-१४चे वय आणि खरे वर्ष यांची सांगड घालणाऱ्या आलेखाशी, हा आकडा जुळवावा लागतो. उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२० हा वक्र वापरला जातो. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या काळात तो जवळजवळ आडवा असल्याने, म्हणजे एकच आकडा अनेक वर्षांशी जुळत असल्याने, वरील नेमक्या दिसणाऱ्या आकड्याचे उत्तर तीनशेहून अधिक वर्षांच्या पट्ट्यात पसरते. हा मोजणीतील दोष नसून त्या काळाच्या वातावरणाचा परिणाम आहे. या जुळवणीचे महत्त्व फार मोठे आहे: पश्चिम युरोपातील महाश्मयुगीन (प्रचंड शिळांची) थडगी पिरॅमिडांहूनही जुनी असल्याचे तिच्यामुळेच स्पष्ट झाले आणि अशी थडगी बांधण्याची कल्पना पूर्वेकडून आली हे जुने गृहीतक सोडून द्यावे लागले.

नमुना निवडताना आमचा आग्रह अल्पायुषी वस्तूंचा असतो. मोठ्या खोडाच्या गाभ्यातील कोळसा चूल पेटली त्याहून शेकडो वर्षे जुना काळ दाखवू शकतो, तर त्याच चुलीतील जळका दाणा त्याच हंगामाच्या आसपासचा असतो. सागरी शिंपल्यांचे वय समुद्रातील जुन्या कार्बनमुळे सुमारे चारशे वर्षांनी जास्त दिसते आणि त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते. नुसत्या दगडाचे किंवा धातूचे वय या पद्धतीने काढता येत नाही.

१७,००० वर्षे जुन्या नमुन्यात एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला तरी तो सुमारे ६०० वर्षांनी तरुण दिसतो. आम्ही आम्ल व अल्कलीच्या द्रावणांनी नमुना स्वच्छ करतोच, तथापि त्यावर डिंक, मेण किंवा जतनाचे कोणतेही रसायन लावू नये आणि तो कापसात न ठेवता ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावा. कार्बन-१४चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरकयंत्रावरील मोजणीस काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो. सोबत उत्खननातील थर आणि खोली यांची नोंद अवश्य पाठवावी. एकावर एक असलेल्या थरांतील अनेक नमुने असल्यास त्यांचा क्रम गणितात धरून आम्ही कालमर्यादा बरीच आवळू शकतो.